खिडकी लावलेली फ्लॉपी

मित्रांनो, मी एक जुनी निळी फ्लॉपी आहे. माझा धंदा व्हायरस पकडण्याचा. निदान माझ्या पाठीवरच्या चिठ्ठीवर तरी तसं लिहिलं आहे. पण मी तो पकडला की पसरवला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

१९९४ साली हर्षद सरांनी मला पेणच्या आपल्या कॉम्प्युटर क्लासात आणलं. माझ्या पोटात तीनशे व्हायरसांच्या खुणांची यादी होती. एकेक फाइल मी त्या यादीशी ताडून पाही. खूण जुळली नाही, की पडद्यावर लिही, 'व्हायरस सापडला नाही.' माझा मोठा मान होता. पण व्हायरस म्हणजे काय, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. दारावर पाटी होती, 'व्हायरस टाळा, चपला बाहेर काढा.' मलाही वाटे, तो चपलांबरोबरच येत असावा.

तिथे शिकवणारी मृणाली फावल्या वेळात गडबच्या बायजाबाईंचे धवळे टाइप करी. लग्नातली ही गाणी त्यांच्याखेरीज आता कुणाला येत नव्हती. पेणच्या बाजाराला आल्या की त्या दोन-तीन सांगत. असे चाळीस जमले होते.

एकदा सर मला रोह्याच्या क्लासात न्यायला निघाले. माझ्या कोपऱ्यातली इवलीशी खिडकी उघडी पाहून मृणाली चरकली. व्हायरस शिरेल म्हणून तिने ती मायेने लावून घेतली. आता गंमत ऐका. माझी खिडकी उघडी असली, तरच माझ्यावर कुणाला काही लिहिता येत नाही. लावली, की सगळ्यांना वाट मोकळी. असं उलटं मला का घडवलं, देव जाणे.

रोह्याच्या कॉम्प्युटरात एक नवा व्हायरस होता. माझ्या यादीत नव्हता, म्हणून मी त्याला ओळखलंच नाही. तो माझ्यावरच बसून एस.टी.ने पेणला आला. मृणालीने मला कॉम्प्युटरात घातलं आणि मी इमानाने लिहिलं, 'व्हायरस सापडला नाही.' आठवड्याने कॉम्प्युटर सुरूच होईना. चाळीसही धवळे गेले.

मृणाली खूप रडली. बायजाबाई म्हणाल्या, "रडू नको गो पोरी. मी पुन्ना सांगतंय. या टायमाला वहीत लिव."

त्यांना अडतीसच आठवले.

"मशिनीत हायेत म्हनून मी ते गुनगुनायचं सोडलं व्हतं," त्या हळूच म्हणाल्या.

मित्रांनो, 'सापडला नाही' म्हणजे 'मला ओळखता आला नाही', एवढंच धरा. माझ्यासारख्यांची यादी वरचेवर नवी करा आणि जिवापाड जपायचं ते दुसरीकडेही उतरवून ठेवा. मला एकच गोष्ट अजून खाते. माझ्यावर त्या व्हायरसाला जागा मिळाली. तिथेच चाळीसही धवळे सहज मावले असते.