जो आधी मागेल त्याला

टेम्पोवाल्याने पलंगाची डोक्याकडची बाजू धरली आणि पायांकडची पोस्टबाईंच्या भावजयीने. गावाच्या मदत निधीच्या कार्यालयाचं दार अरुंद, त्यामुळे पलंग आडवा करून आत घ्यावा लागला. वळवताना त्याची लोखंडी दांडी चौकटीला घासली आणि नव्या रंगावर लांबलचक ओरखडा उमटला. पोस्टबाई टेबलामागून उठून हात लावायला पुढे झाल्या.

"राहू द्या, वन्सं," भावजय म्हणाली. "आम्हाला सवय आहे उचलायची."

पलंग भिंतीशी टेकला. तिथे चाकाच्या खुर्च्या, कुबड्या आणि एक प्राणवायूचं यंत्र ओळीने मांडलेलं होतं. घरी कुणी अंथरुणाला खिळलं की गावातल्या लोकांनी यातली हवी ती वस्तू न्यायची, काम झालं की पुसून परत आणायची. प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याच्या नावाची पितळी पट्टी होती. बहुतेक पट्ट्यांवर एकच नाव होतं, खाणमालकांचं. निधीचे अध्यक्षही तेच.

टेम्पोवाला निघून गेला. भावजयीने पदराने कपाळ पुसलं, पण ती बसली नाही. भावाला जाऊन महिना होत आला होता. तेराव्यानंतर तिने या बाजूला पाऊल टाकलं ते आज.

पोस्टबाईंनी सारी उमर टपाल कार्यालयात काढली होती. निवृत्त झाल्यावर गावाने त्यांना या निधीचं सचिवपद दिलं आणि त्यांनी ते पोटच्या पोरासारखं सांभाळलं. दारोदार फिरून त्यांनी वर्गणी उभी केली. कुणी पोतंभर धान्य दिलं, कुणी एक दिवसाची मजुरी. शहरातल्या एका मोठ्या संस्थेने शब्द दिला होता, की गाव जेवढं जमवेल तेवढंच आम्ही आमच्याकडून घालू. त्यातूनच एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारचा डबा जाऊ लागला आणि दवाखान्याची गाडी सुरू झाली.

पण गावाच्या वाट्यातला निम्मा भार खाणमालक उचलत होते. त्यांच्याच खाणीत पोस्टबाईंच्या धाकट्या भावाच्या पाठीवर शिळा घसरली. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर सगळे कामगार मूग गिळून बसले. भाऊ मात्र खाटेवरून बोलला, की दोर झिजलाय हे आम्ही कितीदा सांगितलं होतं. खाण काही दिवस बंद राहिली. पुढच्या बैठकीत मालक आवाज न चढवता म्हणाले, "बाई, निधीतून कुणालाही द्या, माझी ना नाही. तेवढं एक घर सोडून."

पोस्टबाईंच्या डोळ्यांसमोर डब्यांची वाट बघणारी म्हातारी माणसं उभी राहिली. आठवड्याभरात भावजय वर-खाली होणारा पलंग मागायला आली, तेव्हा त्याच म्हणाल्या, "यंदा नियमात बसत नाही गं." मग स्वतःच्या पेन्शनमधून पलंग घेऊन देते असा निरोप त्यांनी धाडला. भावाने उलटा निरोप पाठवला, "निधीचा असेल तर दे. मीही दर वर्षी एक दिवसाची मजुरी घातली आहे त्यात. बहिणीची भीक नको."

शेवटी भावजयीने आपल्या दोन शिलाई यंत्रांपैकी एक विकून पलंग आणला. त्याच पलंगावर भाऊ गेला.

"हा इथे कशाला आणलास?" पोस्टबाईंनी विचारलं.

"घरात जागा अडते. कुणाच्या तरी कामी येईल. पट्टीवर आमच्या ह्यांचं नाव घाला." जरा थांबून ती म्हणाली, "देणाऱ्याला अट घालता येते ना, वन्सं?"

आता काय येणार ते पोस्टबाईंना कळून चुकलं. खाणमालकांच्या घरात हा पलंग जाता कामा नये, हेच ती म्हणणार. तिने तसं म्हणावं असं त्यांना आतून वाटलंही. निदान फिटंफाट तरी झाली असती.

"येते," त्या म्हणाल्या.

"मग लिहून घ्या. जो आधी मागेल त्याला द्यायचा. कुणाचा कोण, ते बघायचं नाही."

पोस्टबाईंनी लिहून घेतलं. लिहिताना पेन दोनदा अडकलं. मान वर करेपर्यंत भावजय पायरी उतरून गेलेली होती.

निधीची वार्षिक सभा शाळेच्या सभागृहात भरली. शहरातल्या संस्थेच्या एक पाहुण्या मुद्दाम आल्या होत्या. अध्यक्षांनी वर्षभराचं काम सांगितलं, मग चष्मा सारखा करत म्हणाले, "यंदा एका पलंगासोबत एक अट आली आहे. ऐका." त्यांनी अट सावकाश वाचून दाखवली. पाहुण्यांनी ती पुन्हा वाचायला लावली.

"किती सुंदर!" त्या म्हणाल्या. "हे दाते कोण?"

"खरंच, कोण हो बाई?" अध्यक्ष पोस्टबाईंकडे वळले. त्यांना ठाऊक नव्हतं.

नाव सांगू नका म्हणालेत, एवढं पुटपुटलं असतं तरी वेळ निभावली असती. पोस्टबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि त्या उठल्या. मागच्या रांगेत, दाराजवळ भावजय बसली होती.

"माझा भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्या खाणीत ज्याची पाठ मोडली, तो. असाच पलंग त्याने आधी निधीकडे मागितला होता. त्याने खरं सांगितलं होतं, म्हणून आपण नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात आणि मी ऐकलं."

पाहुण्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पोस्टबाईंना छातीभर श्वास घेता आला.

अध्यक्षांनी चष्मा काढला. मग हात जोडून म्हणाले, "माझ्याच खाणीतला माणूस. माझं चुकलं असेल. पण एवढं सोसूनही जाताना त्याने मनात काही ठेवलं नाही. मोठ्या मनाचा माणूस! त्याच्या नावाने असे आणखी पलंग मी देतो. त्याच्यासाठी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवा."

पहिली टाळी त्यांचीच होती. लोक सुटल्यासारखे उठले. पाहुण्यांनी डोळे टिपले. सगळे उभे राहिल्यामुळे पोस्टबाईंना मागची रांग दिसेना.

टाळ्या ओसरल्यावर अध्यक्ष जवळ येऊन हळूच म्हणाले, "बरं झालं बोललात, बाई. मलाही हलकं वाटलं. आता मिटलं ना सगळं?"

दाराजवळची खुर्ची रिकामी होती. पोस्टबाई गर्दीतून वाट काढत बाहेर पडल्या. भावजय फाटकापाशी पोचली होती.

"अगं, थांब! सांगितलं मी. सगळ्यांसमोर सांगितलं."

"ऐकलं."

"मग अशी न बोलता का चाललीस?"

भावजय थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता.

"आमचे हे मोठ्या मनाचे नव्हते, वन्सं. शेवटच्या दिवसापर्यंत त्या माणसाला शिव्या घालत होते. तुम्हालासुद्धा. पलंगाची अट माझी होती, त्यांची नव्हे." तिने फाटकाची कडी काढली. "त्यांच्याजवळ स्वतःचा म्हणून तेवढा राग उरला होता. तोही आज तुम्ही निधीत जमा करून टाकलात."

ती रस्त्याला लागली. सभागृहाच्या दारातून कुणीतरी हाका मारत होतं, "बाई, चला ना, फोटोसाठी सगळे थांबलेत!"