रस्त्याला दाखवायची खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खिडकी आहे आणि मला माणसांची किळस येते. सगळ्यांची नाही. चारुशीलाबाई आणि वनमालाबाई या दोघींची येत नाही. बाकीच्यांची मात्र येते, आणि का येते ते ऐकल्यावर तुम्हीही नाक मुरडाल.

माझा जन्म धाराशिवच्या बाजारामागे गुंडप्पा सुताराच्या दुकानात झाला. पोलीस ॲक्शन होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. त्याआधी आमच्या भागातल्या कितीतरी घरांना रस्त्याच्या बाजूनं खिडकीच नसे. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं सपाट छप्पर, म्हणजे माळवद, आणि माळवदाला धूर जाण्यापुरतं एक भोक. आधी चोरांची भीती, मग रझाकारांची. अशा दिवसांत भिंत फोडून रस्ता बघायची हौस कोणाला असणार? निजामाचं राज्य गेलं, लोकांच्या जिवात जीव आला आणि जो तो खिडक्या पाडायला निघाला. गुंडप्पाला श्वास घ्यायला सवड मिळेना.

गुंडप्पाचा हात चांगला होता. जीभ मात्र गिऱ्हाईक बघून वळायची. कोणी बाभळीची चौकट मागितली की म्हणायचा, "बाभळीवाणी लाकूड न्हाय बगा." दुसऱ्यानं आंबा मागितला की आंब्यावाणी लाकूड न्हाय. कडुलिंबाला वाळवी लागत नाही, सागाला तर मरणच नाही. जुन्या माळवदाच्या घराला कसली खिडकी लागते आणि नव्या सिमेंटच्या घराला कसली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण गिऱ्हाईक तोंड उघडेपर्यंत तो ते पोटातच ठेवायचा. मला त्यानं दोन वर्षं वाळलेल्या सागाची केली, चांगली ऐसपैस, दोन झडपांची, मध्ये लोखंडी गज घालून. माझ्या अंगाला तेव्हा लाकडाचा कडवट वास येत असे. तो वास मला फार आवडायचा. पुढं माझ्या अंगाला कसकसले वास लागले ते सांगतेच.

एके दिवशी आण्णासाहेब दुकानात आले. ते कोर्टात कारकून होते. टोपी सरळ करून त्यांनी एकेका चौकटीवर बोटं वाजवून पाहिली. लाकडातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण चेहरा असा केला होता की जणू जंगलातच वाढले.

"गुंडप्पा, सैपाकघराला खिडकी पाडायचीय," ते म्हणाले. "आमच्या मंडळींच्या डोळ्याचं जरा अवघड झालंय. खुपऱ्या हायत. डॉक्टर म्हणाले, औषध घाला, पण ह्या धुराचं आधी बघा. न्हाय तर नजर जाईल."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं, म्हणून सांगते. डॉक्टरांनी खिडकी सांगितली होती ती चुलीसाठी. चुलीच्या वरच्या अंगाला, बसल्या जागेवरून उठलं की हात पोचेल अशी एक लहानशी खिडकी. तिला साग हवा असं मुळीच नव्हतं. साधी बाभळीची चौकट घेऊन त्याच आठवड्यात बसवली असती तरी काम झालं असतं.

पण आण्णासाहेबांबरोबर त्यांचे मेहुणे राघवेंद्र आले होते. म्हणजे त्यांच्या मंडळींचा, चारुशीलाबाईंचा, सख्खा भाऊ बरं का! ते गावाबाहेर नवं सिमेंटचं घर बांधत होते आणि दोनदा हैदराबादला जाऊन आले होते. तेवढ्यावर ते खिडक्यांचे पंडित झाले होते. त्यांची नजर माझ्यावर पडली.

"दाजी, ही घ्या," ते म्हणाले. "आता जमाना मॉडर्न आलाय. खिडकी कशी ऐसपैस पाहिजे."

"सैपाकघराला एवढी थोरली?"

"सैपाकघराला कशाला? मागं तर गोठा हाय. तिथं काय म्हशीनं बगायची का ही? बैठकीला लावा. रस्त्यानं जाणारा मान वळवून बघंल."

आण्णासाहेबांचा चेहरा उजळला. "ते बी खरंच की."

"व्हय जी," गुंडप्पानं लगेच री ओढली. "ही रस्त्यालाच शोभती. सैपाकघराला आमी नंतर एक पाडून देऊ."

नंतर! मित्रांनो, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि तेव्हापासून त्याची मला शिसारी बसली आहे. बहिणीचे डोळे जातील हे ऐकून पाच मिनिटं झाली नव्हती, आणि भाऊ रस्त्यानं जाणाऱ्यांच्या माना मोजत होता. चारुशीलाबाईंना कोणी विचारलंच नाही. त्या वेळी त्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या.

मला बैठकीला बसवलं. आण्णासाहेबांच्या घराची भिंत दोन हात जाड. अशा भिंतीला खिडकी आतल्या अंगाला घेतली तर माणसाला ती उघडता-लावता येते. पण मी रस्त्यावरून दिसायला हवी ना! म्हणून मला अगदी बाहेरच्या कडेला ठोकलं. आत उरला एक खोल कोनाडा. त्यात चढून गुडघ्यांवर पुढं सरकल्याशिवाय माझ्या कडीला कोणाचा हात पोचत नव्हता. पहिल्या दिवशी शेजारीपाजारी रस्त्यात उभे राहून वाहवा करून गेले. दुसऱ्या दिवशी कोनाड्यात ट्रंक आली. मग लोणच्याची बरणी, फुटका कंदील आणि आण्णासाहेबांच्या जुन्या वहाणा.

त्यानंतर त्यांनी मला रंग दिला. सागाचं उघडं लाकूड गरिबी दाखवतं म्हणे. हिरवागार तेलरंग, तोही दोन हात. त्या वासानं मी कितीतरी दिवस गुदमरले होते. संध्याकाळी आण्णासाहेब ट्रंकेवर गुडघे टेकून माझ्या गजांतून रस्त्यावर पानाची पिंक टाकत. अर्धी रस्त्यावर पडे, अर्धी माझ्या उंबऱ्यावर. ती वाळे, तिच्यावर धूळ बसे, धुळीवर दुसरी पिंक. एवढ्या थाटानं आणलेल्या वस्तूवर तिचा मालकच थुंकतो, हे बघून मला ओकारी आली असती, पण लाकडाला तीही सोय नाही. पुढं धूळ येते आणि रस्त्यावरचे लोक आत बघतात म्हणून माझ्या झडपा लावून घेतल्या. पिंक टाकायची वेळ सोडली तर त्या उघडेनात.

माझ्यासमोर बैठकीचं आतलं दार होतं आणि त्यातून स्वयंपाकघर दिसे. झडपा बंद असल्या तरी आतलं सगळं मला दिसायचं. पावसाळ्यात गोवऱ्या ओल्या असत आणि माळवदावरचं भोक फरशीनं झाकलेलं असे. मग तो धूर जाणार कुठं? चारुशीलाबाई फुंकणीनं चूल फुंकत, पदरानं डोळे पुसत, पुन्हा फुंकत. त्यांचे डोळे नेहमी लाल आणि चिकट असत. आधी त्यांना तांदळातले खडे दिसेनासे झाले. मग ज्वारी निवडायचं काम वनमालाबाईंनी स्वतःकडे घेतलं. वनमालाबाई म्हणजे आण्णासाहेबांची बहीण. नवरा वारल्यावर त्या ईट गावाहून भावाकडे राहायला आल्या होत्या.

वनमालाबाई तेवढ्या एक त्या घरात बोलणाऱ्या. त्या विचारायच्या, "आण्णा, सैपाकघराच्या खिडकीचं काय झालं?"

"दसरा होऊ दे."

दसरा झाला की थंडी संपू दे. थंडी संपली की गुंडप्पाला सवड नाही. सवड झाली की पावसाळा तोंडावर आला, आता कुठं भिंत फोडता? असं करता करता वर्षं गेली. राघवेंद्र अधूनमधून जेवायला येत. बहिणीच्या हातची गरम भाकरी खात आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणत, "बघा दाजी, कशी शोभती!" त्यांचं ते ढेकर देत बोलणं मला अजून आठवतं.

एका पावसाळी दुपारी धूर फारच कोंडला. चारुशीलाबाई खोकून खोकून खाली बसल्या. वनमालाबाईंनी बैठकीत येऊन ट्रंक ओढली, बरणी बाजूला केली, कोनाड्यात चढल्या आणि माझ्या झडपा धाडकन उघडल्या. त्या घरात आल्यापासून मला पहिल्यांदाच खिडकीचं काम मिळालं! धूर माझ्या गजांतून भसाभस बाहेर पडू लागला. घशात धूर जात होता तरी मला बरं वाटत होतं.

तेवढ्यात आण्णासाहेब कोर्टातून आले. रस्त्यात चार माणसं उभी राहून बघत होती.

"वनमाला! बैठकीतनं धूर बाहेर सोडतीस? लोक काय म्हणतील?"

"लोकाचं काय घिऊन बसलायस आण्णा? वहिनीला श्वास न्हाय."

"अगं, चांगली खिडकी काळी होईल!"

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या दोन्ही झडपांना खिळे ठोकले. खिळे मला दुखले नाहीत. माझा रंग काळा पडेल म्हणून हा गृहस्थ कासावीस झाला आणि आत जिचे डोळे जळत होते तिच्याकडे त्यानं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. मला त्या हातांची इतकी किळस आली की त्यांनी पुन्हा आपल्याला शिवू नये असं वाटलं.

पुढं महाराष्ट्र राज्य झालं. त्या वर्षी राघवेंद्रांनी आपल्या घराला लोखंडी, काचांच्या खिडक्या बसवल्या आणि आण्णासाहेबांना मी एकदम जुनाट वाटू लागले. बैठकीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा झाला, तिथं काचेची खिडकी आली आणि मला उपटून गोठ्याशेजारी टाकलं. कोंबड्या माझ्यावर बसत. त्या काय करत ते सांगायला नको. तरी खरं सांगते, पानाच्या पिंकेपेक्षा ते बरं होतं.

या वेळी वनमालाबाईंनी कोणाला विचारलं नाही. त्या स्वतः जाऊन गुंडप्पाला घेऊन आल्या. त्यानं झडपांचे खिळे काढले आणि आण्णासाहेबांनी नवं वर्तमानपत्र चाळत सांगितलं, "टाकाऊच हाय ती. बसवा कुठं बी."

गुंडप्पानं चुलीवरची भिंत फोडली. मला आतल्या अंगाला, हात पोचेल असं बसवलं. दिवसभराचं काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटली आणि वनमालाबाईंनी झडपा उघडल्या. धूर सरळ माझ्याकडे आला आणि गोठ्यावरून निघून गेला. ऊन आत आलं. काळ्या भिंती, फडताळातली पितळेची भांडी, पाट्यावरची चटणी, सगळं लख्ख दिसू लागलं.

"वहिनी, बघा की," वनमालाबाई म्हणाल्या.

चारुशीलाबाई भिंत चाचपत उठल्या. त्यांची बोटं माझ्या चौकटीला लागली, मग गजांना. चेहरा त्यांनी बरोबर उन्हात धरला होता, पण पापणी लवली नाही.

"वारं लागतंय," त्या म्हणाल्या. "उजेड आलाय का हो वन्सं?"

वनमालाबाईंनी तोंडात पदर कोंबला. मी त्या उन्हात उभी होते आणि मला माझ्या त्या सुंदर सागाची, ऐसपैस झडपांची, सगळ्याची लाज वाटली.

आता रोज सकाळी चारुशीलाबाई चाचपत येऊन मला उघडतात. परवा आण्णासाहेब दारात उभे राहून म्हणाले, "तुला तर दिसत न्हाय. मग खिडकी कशाला उघडतीस? गार वारं येतंय."

चुलीपुढं आता वनमालाबाई बसतात. चारुशीलाबाईंनी कडी हातातून सोडली नाही. "वन्संला अजून दिसतंय," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधी खिडक्या निवडायची बोलणी निघतील. मोठी माणसं बैठकीत बसतील. साग की बाभूळ, जुनी पद्धत की नवी, रंग हिरवा की निळा, यावर तास तास बोलतील. त्यांना बोलू द्या. तुम्ही तिथून उठा, स्वयंपाकघरात जा आणि विचारा, "आई, तुला कुठं पाहिजे?"