पॉलिशचा तिसरा हात

बेसिनखालचं कपाट फुगलं, दाराचं सनमायका सुटलं आणि आतल्या प्लायला काळी बुरशी धरली, तेव्हा अविनाशने ठरवलं, आता असं कपाट करायचं की मरेपर्यंत पुन्हा त्याकडे बघायला नको. तो नुकताच निवृत्त झाला होता. नवीन पनवेलच्या त्या फ्लॅटमध्ये तो आणि अरुंधती, दोघंच राहत.

पॉलिश कुठलं करायचं यासाठी त्याने दुकानं पालथी घातली. लाकडाचे तुकडे आणून त्यांना वेगवेगळी पॉलिशं लावली आणि ते बादलीत भिजत घातले. कुठल्या तुकड्याची कड फुगली, कुठल्यावर पांढरा डाग आला, हे तो जेवताना अरुंधतीला सांगायचा. तिला दम्याचा जुना त्रास. एकदा ती म्हणाली, "पीव्हीसीचं तयार कपाट मिळतं. त्याला वास नसतो."

"प्लास्टिक नको घरात," तो म्हणाला. विषय तिथेच संपला.

सुतारकाम जवळच्या विचुंबे गावच्या परेशकडे होतं. कपाट तयार झालं, तेव्हा पॉलिशचं विचारायला तो हॉलमध्ये येऊन बसला.

"काका, पॉलिशमधी पीयू दोन तऱ्हेचा येतो. एक पान्यातला, त्याला वास कमी हाय. दुसरा थिनरचा. तो कडक, पन वास लय दिवस जात नाय. काकूंना तरास हाय ना?"

"टिकेल कुठला?"

"टिकंल थिनरचा. पान्यातलापन वाईट नाय."

अविनाशने अरुंधतीकडे पाहिलं. "चार दिवस खिडक्या उघड्या ठेवू. चालेल ना गं?"

"चालेल," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती बहुतेक गोष्टींना असंच म्हणत आली होती.

पॉलिशचा पहिला हात मारला त्याच संध्याकाळी तिला धाप लागली. पंप घेऊनही श्वास पुरेना. ओठ निळसर दिसायला लागले, तसा अविनाश घाबरला आणि रिक्षा करून तिला दवाखान्यात घेऊन गेला. वाफ दिली, ऑक्सिजन लावला. वास पूर्ण जाईपर्यंत घरी नेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. आपटा गावाहून तिची मोठी बहीण मालूताई आली आणि सुट्टी मिळताच तिला तिकडे घेऊन गेली. मालूताई एकटीच होती. घराच्या मागे पाताळगंगा नदी.

अविनाश रोज फोन करायचा. एकदा तिने विचारलं, "वास आहे का अजून?"

"आहे थोडा. पण काम झकास झालंय. आतून, मागून, सगळ्या कडांना मारून घेतलाय. तिसरा हात परवाच झाला."

"तिसरा? मी दवाखान्यात होते तेव्हा काम चालूच होतं?"

"अगं, मध्येच थांबवलं असतं तर पहिला हात वाया गेला असता. आणि तू तर घरात नव्हतीस."

"हं," ती म्हणाली आणि फोन मालूताईकडे दिला.

पुढे वास गेला. कपाटावर पाणी टाकलं की थेंब नुसते घरंगळायचे. अविनाश तिला आणायला आपट्याला गेला. अरुंधती ओटीवर वाल सोलत होती. चेहरा भरला होता, श्वास सरळ चालला होता.

"चल. आता काही वास नाही," तो म्हणाला.

"मी इथेच राहते."

"किती दिवस?"

"ते नाही ठरवलं."

"मी मुद्दाम केलं का? आपल्या दोघांसाठीच केलं ना?"

"मुद्दाम नाही केलंत, ठाऊक आहे मला," ती वाल सोलत म्हणाली. "दवाखान्यात पडल्यापडल्या मला वाटत होतं, तुम्ही घरी जाऊन सगळं बंद केलं असेल. खात्रीच होती. म्हणून विचारलंसुद्धा नाही."

काम थांबवावं हे अविनाशच्या मनातच आलं नव्हतं. तसं सांगितलं असतं तर ते आणखी वाईट झालं असतं, एवढं त्याला कळलं.

तिने त्याला जेवायला वाढलं. मग तो एकटाच परतला.

बिल्डिंगमध्ये कोणी विचारलं तर तिला तिकडची हवा मानवते, असं तो सांगतो. दर रविवारी आपट्याला जातो. तिची औषधं नेतो, जेवतो, ओटीवर बसतो. ती त्याच्याशी नीट बोलते, तब्येत विचारते. परत चल, असं तो आता म्हणत नाही. निघताना फाटकापर्यंत मालूताई येते.