बैठकीवरचा कापूस

पंपात फिरणाऱ्या इंपेलर चाकाची अकरा पाती कापून झाली होती. बारावं उरलं होतं, आणि तासाभरात लाइट जाणार होती. मापं घ्यायला उतरवलेला तो जॉब डोमाजीकाकांनी पुन्हा पाच अक्षांच्या मशीनवर आवळून बसवला.

“दाब ना बटन! कायची वाट पाहून राह्यली?” काका खेकसले.

मशीन चालवणाऱ्या सत्यशीलानं, जॉब सरळ बसलाय का ते पाहायला, आधी काट्याची डायल लावून तो फिरवून पाहिला. काटा दोन घरं हलला. एवढ्यानंही शेवटचं पातं बाद झालं असतं.

“खोला, काका.”

“तीस वर्सं जिनिंगमधी मशिनी बसवल्या म्या! ते बंद पडलं म्हणून आता तू मले शिकवशीन?”

तिनं स्वतःच बोल्ट सोडले. जॉबखालच्या बैठकीवर कापसाचे तंतू दाबून चिकटले होते. काहीही पुसायचं तर कापसाच्या बोळ्यानं, ही काकांची जिनिंगमधली सवय.

काकांनी एक तंतू चिमटीत उचलला. ते तो झटकतील असं तिला वाटलं. पण त्यांची बोटं आपसूक तो ताणून लांबी पारखू लागली.

“लंबा धागा हाय, अव्वल कापूस,” ते हळूच म्हणाले. “यंदा बाजारात कोनाच्या नजरेत भरला नाही, पोरी. तुह्या काट्याले मात्र दिसला.”