उजव्या खुर्चीतलं वजन

“यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, रोवेना, पण त्या दिवशी आम्ही हवेत चक्क उभे राहिलो होतो,” क्लॅरी डगन म्हणाला आणि विमानाच्या उजव्या खुर्चीवरल्या वाळूच्या पोत्याला त्याने तिसरी गाठ मारली.

माणसाऐवजी बसवलेलं ते पोतं. पंखांच्या पुढच्या कडा बदलून घेतलेलं हे छोटं विमान किती हळू उडू शकतं, कोणत्या वेगाला पंख हवा सोडतात आणि नाक खाली पडतं, ते रोवेना आज वर जाऊन मोजणार होती. तीस वर्षांपूर्वी असल्याच पंखांच्या विमानातून तिचे वडील, एर्न, हेच मोजायला गेले आणि परत आले नाहीत. ‘वैमानिकाची चूक’, चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं. गावात अजून तेच बोलत. रोवेनाला तो शब्द आज खोटा पाडायचा होता.

“समोरून वारा वीस नॉटचा, आमचा वेगही वीस. खालून एक एमू पक्षी पळत पुढे गेला. आणि वर मागे वळून बघतोय, मेला!”

“मागच्या नाताळात सांगितलंत तेव्हा दोन होते, काका.”

“दुसरा लाजाळू होता. तुझा बाप म्हणाला, क्लॅरी, तू खाली उतर आणि आकडा लिहून घे. मी पवनचक्कीवर पाय ठेवला नि उतरलो. म्हणून तर वाचलो.”

त्याने चौथी गाठ मारली. पट्टा ओढून पाहिला. पुन्हा ओढला.

“पुरे की. वाळू आहे ती, पळून नाही जायची.”

“सैल राहिलं की घसरतं. नाक पडलं की थेट विमान सावरायच्या दांड्यावर येतं. मग किती का ओढेना माणूस, दांडा हलत नाही.”

एवढं बोलून त्याने पाचवी गाठ मारायला घेतली.

रोवेना पेन्सिल घेऊन हँगरच्या दाराशी गेली. उडण्याआधी कोणत्या खुर्चीत किती वजन ते दारावर लिहायचं, हा इथला जुना रिवाज. दाराला आतून हिरवा रंग होता. एर्नला पुरल्यावर आठवड्याभरात क्लॅरीने तो एकट्याने दिला होता, कुणी सांगितलं नसताना. यंदाच्या उन्हाने त्याला पोपडे धरले होते. पेन्सिल टेकताच एक गळून पडला. दुसरा तिने नखाने काढला. मग तिसरा.

खाली वडिलांचं अक्षर होतं. तिने ते दोनदा वाचलं.

“तर पवनचक्कीवरून मी त्याला हात केला,” मागून क्लॅरी म्हणाला. त्याचे हात गाठीवरच होते. “त्यानेही केला. हसत होता गं.”

“काका,” दाराकडेच बघत ती म्हणाली, “त्या दिवशी त्या खुर्चीत तुम्ही नव्हताच. बाबांनी लिहिलंय, ‘उजवीकडे वाळू, ब्याऐंशी किलो. बांधली क्लॅरीने.’”