वर वळलेली रेषा

बनशंकरी भागातल्या त्या मंडपात गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नसे. बाहेर चपलांचा ढीग, आणि आत चौरंगावर काय, तर झेंडूचा हार घातलेला कॉम्प्युटर! चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचे दिवस ते. बेंगळुरात घरोघरी त्या यंत्राचं नाव निघे, पण हात लावायला माणूस बिचके. मग एखाद्या बुवानं त्याचा देव केला नसता तरच नवल. श्रीरंगस्वामी त्यावर आजाऱ्याची ‘प्राणरेषा’ काढत.

नागोजी शिंपी पहिल्याच रांगेत बसला होता. त्याची बायको भाग्यलक्ष्मी क्षयानं खंगली होती. दर आठवड्याला रिक्षात घालून तो तिला यशवंतपूर स्टेशनच्या वजनकाट्यावर नेई आणि पडलेलं तिकीट स्वामींच्या पायाशी ठेवी. मागे एकदा रेषा वर गेली तेव्हा स्वामी म्हणाले होते, “आता गोळ्या म्हणजे देवावर अविश्वास!” नागोजीनं गोळ्या बंद केल्या. जीव होता हो त्याचा बायकोवर, म्हणूनच तर फसला बिचारा.

“ॐ ह्रीं, एंटर!” स्वामी गरजले. पडद्यावर वजनांचे ठिपके उमटले. त्यातून एक रेषा निघाली, शेवटाला खाली झुकलेली. “घाबरू नको, अण्णा. स्वल्प कृपा कमी पडली.” पुन्हा मंत्र, पुन्हा बोट. रेषेची शेपटी झोकात वर वळली. मंडपात जयजयकार झाला आणि नागोजीच्या डोळ्यांना धार लागली.

“मामा, थांब.” शेजारी बसलेली त्याची भाची विद्या उठली. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. “स्वामीजी, तीच कळ अजून एकदा दाबा ना.”

“शक्ती खर्च झाली, बेटी.”

“सरी, ठीक आहे, मग मी दाबते. माझी आहे शिल्लक.”

लोक हसले. स्वामी उठेपर्यंत तिनं कळ दाबलीसुद्धा. शेपटी खाली गेली. पुन्हा दाबली, वर आली. पुन्हा, खाली. हसणं बंद झालं.

“ठिपके तेच आहेत,” विद्या म्हणाली. “ही कळ फक्त रेषेला आणखी एक वाकण देते. हवी तशी शेपटी आली की हे कळेवरचा हात उचलतात. कधी साडी जड, कधी पोटात जेवण, तेवढ्यानंही ठिपके हलतात. मामा, इस्त्री फिरवली की चुण्या जातात. दुमडून शिवलेला टक जातो का?”

“नाही जात,” नागोजी पुटपुटला.

“तसंच बघ. रेषा थोडी वाकवली, खूप वाकवली, तरी जो आकार टिकतो तो खरा.” ती एकेक रेषा दाखवत गेली. बारीक चढउतार येत होते, जात होते. मधला एक उंचवटा मात्र हलेना. तिथपर्यंत चढ, तिथून उतार. “इथं काय झालं, मामा?”

नागोजी बघत राहिला. त्यानं बोटांवर आठवडे मोजले.

“इथं... मी गोळ्या थांबवल्या.”

स्वामी मागच्या दारानं केव्हा सटकले कुणाला कळलं नाही.

गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या. पण मधेच सोडलेला क्षय माजतो, जुन्या औषधाला दाद देत नाही. डॉक्टरांनी केलं तेवढं केलं. “तुम्ही माझ्यासाठीच केलंत ना?” एवढंच भाग्यलक्ष्मी म्हणाली, आणि उन्हाळा संपायच्या आत गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नागोजीला वाटत राहिलं.

स्वामींनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला, नवा मंडप घातला. तिथल्या दाराशी दर गुरुवारी नागोजी उभा राहू लागला. भक्तांनी धक्के दिले, एकदा सदरा फाडला. तो हटला नाही.

एका गुरुवारी खोकणाऱ्या नवऱ्याला धरून एक पोरसवदा बाई आली. “अण्णा, आत जागा आहे का?”

“आहे. पण आधी सांग, अक्का, ह्यांच्या गोळ्या चालू आहेत?”

“आहेत. स्वामी म्हणतील तर थांबवू.”

“कुणीही म्हणो, डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबवू नकोस,” नागोजी हात जोडून म्हणाला. “दाखवणाऱ्यानं काय दाखवलं नाही, ते विचार. मी विचारलं नाही, बाई. माझी बायको बरी होत होती.”