चिमीचं नाव

"टाकल्या! सुया टाकल्या!" खोलीत दुसरं कुणी नसतानाही ती मोठ्यानं म्हणाली, आणि दुसऱ्याच क्षणी तिनं पुन्हा भिंगाला डोळा लावला.

सूक्ष्मदर्शकाखाली, भिजत घातलेल्या शेवाळातून निघालेलं एक पाणअस्वल कात टाकायच्या तयारीला लागलं होतं. आठ आखूड पाय, ठिपक्याएवढा जीव. तोंडातल्या दोन्ही सुया आणि घशाची नळी त्यानं ओकून टाकली होती. नवं तोंड उगवेपर्यंत आता ते उपाशीच राहणार. तसा प्राणी अगदी साधा, कुठल्याही ओलसर भिंतीवर सापडणारा. पण असा बिनतोंडाचा तो हुबेहूब चिमीसारखा दिसत होता.

संग्रहालयात या पाणअस्वलांच्या प्रजाती ओळखण्यात आणि लावण्यात तिचे केस पिकायला आले होते. हे काम तिला शिकवलं विभागातल्या जुन्या बाईंनी. नखं कशी बघायची, काचपट्टीवर थेंब किती सोडायचा, सगळं हाताला धरून. चिमी ही बाईंनी शोधलेली प्रजाती. तोंडात सुया नाहीत, हेच तिचं वेगळेपण. बाईंची एकुलती एक मुलगी तापात गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांनी ही प्रजाती सापडली होती. मुलीचं लाडाचं नाव बाईंनी तिला दिलं. तेव्हापासून विभागात चिमीचा खण होता, चिमीची पेटी होती, आणि नवीन आलेल्यांना "आधी चिमी बघून घ्या" असं सांगायची पद्धत होती.

बाईंना जिवंत चिमी कधी मिळाली नव्हती. काचेवर पक्क्या केलेल्या नमुन्यांवरून त्यांनी निष्कर्ष काढला होता. आता तिनं तेच नमुने पुन्हा काढले. दोन काचपट्ट्यांवर, अंगाभोवती, सुटत चाललेल्या कातेची फिकट कड दिसत होती. चिमी ही वेगळी प्रजाती नव्हतीच. ते कात टाकणारं साधं पाणअस्वल होतं.

"बाईंच्या कानावर घातलंस का?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"घालते. जाणारच आहे."

ती गेलीही. पडल्यामुळे बाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं, त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. काका, म्हणजे बाईंचे यजमान, स्वयंपाकघरातून चहाचे कप सांभाळत आले. बाईंनी उशीवरून मान वळवली.

"काय म्हणतेय माझी चिमी?"

तोंडाशी आलेलं वाक्य तिनं चहाच्या घोटाबरोबर गिळलं. "मजेत आहे, बाई."

काका हसले. बाईही हसल्या. चहा संपवून ती निघाली.

मग ते राहूनच गेलं. बाईंना जरा बरं वाटू दे, हिंडाफिरायला लागू देत, मग सांगू, अशी ती मनाची समजूत घालत राहिली. चिमी वेगळी प्रजाती नाही, हे सांगणारा लेख मात्र तिनं थांबवला नाही. असली नियतकालिकं वाचतंय कोण, असंही तिनं स्वतःला सांगून पाहिलं. लेख छापून आला, आणि पुढच्याच आठवड्यात काकांचा फोन आला.

"तुला बोलावलंय. सवडीनं ये, असं काही म्हणाली नाही ती."

परदेशातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं लेख वाचून बाईंना फोन करून सांत्वन केलं होतं.

"कधी कळलं तुला?" ती टेकायच्या आतच बाईंनी विचारलं.

"मागच्या वेळी आले होते ना... त्याच्या आधी."

"म्हणजे इथं बसून चहा पीत होतीस, तेव्हा ठाऊक होतं."

"तुम्हाला त्रास नको म्हणून, बाई—"

"माझं हाड मोडलंय गं. डोकं शाबूत आहे." बाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. "चूक माझी. ती निस्तरायचीही मीच. तू सांगितलं असतंस तर मी स्वतः लिहून दिलं असतं, की मी चुकले. आता मी चुकले नाही. आता मी पकडली गेले. यातला फरक तुला मी शिकवला नव्हता का?"

तिनं मान खाली घातली. माफी मागायला तोंड उघडलं.

"ते राहू दे. मला सांग, आधी सुया पडल्या की नळी?"

ती सांगू लागली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या, मध्येच एखादा प्रश्न विचारत होत्या. नखं ताठ होती का, अंग आकसलं का. शिकवताना विचारायच्या तसेच, नेमके.

"एक जरी जिवंत मिळालं असतं ना," बाई म्हणाल्या, "तर मला दिसलं असतं." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

काका तिला सोडायला दारापर्यंत आले.

"तिला तसा राग नाही गं," ते हळूच म्हणाले. "पण पोर गेल्यापासून या घरात तिचं नाव आम्ही एकमेकांपाशी काढत नाही. दोघांनाही झेपत नाही. तुम्ही लोक यायचात, चिमी अशी, चिमी तशी म्हणायचात. तेवढंच कानावर पडायचं."

तिनं चपला घातल्या. मघापासून आपणही ते नाव एकदाही घेतलेलं नाही, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. 'तो नमुना', 'तो प्राणी', असंच ती म्हणत राहिली होती.

"येते मी, काका."

एरवी ते "ये गं, लवकर ये" म्हणायचे. आज त्यांनी नुसती मान हलवली, आणि आत कुणी झोपलेलं असावं तसं, आवाज न करता दार लावून घेतलं.